ओल्या निसण्याचा वास

सकाळी दुकान पुसताना दाराला अडवायला ठेवलेला जुना निसणा भिजला आणि त्या दगडाचा वास आला. हल्ली वस्तऱ्यात तयार ब्लेड घालतो, धार लावायचं कामच उरलं नाही.

मी धंद्यात नवा असताना मुरबाडच्या बाजारात बाबांनी दगड मलाच निवडायला लावला होता. लवकर धार येईल म्हणून मी खरखरीत उचलला.

"नख फिरव त्याच्यावर," बाबा म्हणाले. "अडकलं तर तो आपला नाय. त्याची धार गालाला चावंल रे."

मग गुळगुळीत घेतला. शहापूरला दुकानात येऊन मी वस्तऱ्याला धार लावली, तर बाबाच गिऱ्हाईकाच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले. माझ्यावर केवढा विश्वास, असं तेव्हा वाटलं. आता संध्याकाळी माझे पाय भरून येतात तेव्हा कळतं, त्यांना नुसतं जरा बसायचं होतं.