कॉफीचा रकाना

“मॅडम, अनफिट लिहा आणि सही करा. दुपारच्या आत फाईल पाहिजे.” आमचे प्लँट मॅनेजर माझ्या टेबलाशी उभे राहून सांगत होते. मी साताऱ्याच्या एका कारखान्यात डॉक्टर आहे. कुणाला अनफिट ठरवायचं ते मॅनेजरनं मला सांगावं, इथंच माझं डोकं फिरलं.

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो हणमंत बाहेर बाकावर बसला होता. कुंडलचा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त, आमच्याकडे क्रेन ऑपरेटर. ही क्रेन छताखाली रुळांवर चालते आणि माणसांच्या डोक्यावरून लोखंड नेते. तपासणीत त्याचे हात थरथरत होते, नाडी धावत होती, बीपी वाढलेलं. अनफिट झाला तर त्याला दुसरं काम द्यायला मॅनेजर तयार नव्हते. सरळ घरी.

मी त्याला आत बोलावलं. ईसीजीच्या पट्टीवर मधूनच एखादा ठोका वेळेआधी पडत होता. बाकी पट्टी चांगली होती, रक्ताचे रिपोर्टही नॉर्मल.

“दारू?”

“न्हाई.”

“तंबाखू?”

“फौजेतच सोडली.”

“चहा?”

“आवं मॅडम, चहा सोडून लय दिवस झालं. ॲसिडिटी व्हायची.”

तपासणीचा फॉर्म तिथंच संपतो. मीही पेन खाली ठेवलं. तो उठला तेव्हा त्याच्या पिशवीतला थर्मास टेबलावर आपटला.

“ह्यात काय?”

“कॉफी. मशीनची. फुकट हाय की.”

“दिवसाला किती कप?”

“आठ-धा. कडकचं बटण दोनदा दाबतो.”

“हणमंतराव, हे आधी का नाही सांगितलंत?” मी ओरडलेच.

“तुमी इचारलंच न्हाई. आनि कॉफी काय येसन हाय व्हय? पावन्याला देतो आमी.”

खरं होतं त्याचं. आमच्याकडे मोजायचा तो चहा, कॉफी पाहुण्यांची. माझ्या फॉर्मवरही तिचा रकाना नव्हता. आधी राग आला तो स्वतःचाच.

कॉफीतलं कॅफीन बेतात घेतलं तर तरतरी येते. अति झालं की धडधड, थरथर, ॲसिडिटी, आणि झोप उडते. झोप उडाली की दुसऱ्या दिवशी आणखी कॉफी.

“पण एवढी कशाला पिता?”

“दोन महिनं डबल शिफ्ट करतोय. दुसरा ऑपरेटर सोडून गेला. वर केबिनमधी डुलकी लागली तर खालची माणसं मरत्याल, मॅडम.”

मी तडक मॅनेजरची केबिन गाठली.

“दुसरा ऑपरेटर का नाही घेतला?”

“प्रोसेस सुरू आहे. आणि लोकांना तरतरी यावी म्हणून मी मशीन बसवलंय ना!”

“माणूस द्यायचा सोडून मशीन दिलंत, आणि आता त्यालाच घरी घालवताय? लाज वाटली पाहिजे!”

फाईलवर लिहिलं: तीन आठवडे क्रेन नाही, खाली हलकं काम, डबल शिफ्ट कायमची बंद. हे पाळलं नाही तर हीच फाईल फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे जाईल, असंही सांगून आले. कॉफी एकदम तोडली तर डोकं ठणकतं, म्हणून हणमंतला दर दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी करायला लावला.

तीन आठवड्यांनी हात स्थिर झाले, ईसीजी साफ आला. हणमंत क्रेनवर परत चढला, आठच तासांसाठी. दुसरा ऑपरेटर मॅनेजरना आठवड्यातच सापडला होता. दोन महिने चाललेली प्रोसेस ती हीच.

नव्या फॉर्मसाठी मी दोन प्रश्न लिहून दिले: कॉफी किती? आणि कशासाठी? फॉर्म छापून आला तेव्हा त्यात फक्त पहिला प्रश्न होता. दुसरा मी प्रत्येक फॉर्मवर पेनानं लिहिते.