तणसाचा रोगी

इंग्रजांचं राज्य जायला अजून काही वर्षं होती. गोंदियाच्या एका दवाखान्यात हाड मोडलेल्यांची मालिश आणि उठवणं-बसवणं शिकायला आम्ही चौघं होतो, सगळे धान पिकवणाऱ्या घरचे. सरावाला खरा रोगी कोण देणार? म्हणून म्हाताऱ्या कंपाउंडरनी बारदान्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरून एक माणूस शिवला होता. वजनासाठी त्याच्या पोटात धान.

त्याला खाटेवरून खुर्चीत घ्यायचं. कंपाउंडर दर वेळी बजावीत, "पहले बोलो, फिर उठाओ." तणसाशी काय बोलायचं? आम्ही हसायचो. जन्मभर पोती उचललेली. गुडघा लावला, हिसका दिला की पोतं पाठीवर. मी सगळ्यांत चपळ, आणि त्याचा मला माज होता, खोटं कशाला सांगू. कंपाउंडर म्हणाले, "तू हमाल अच्छा बनेगा." मी ती शाबासकी समजलो.

पौषात माझा बा गावी, केशोरीला, खळ्यावर गाडीवरून पडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. दीड महिन्यानं मी रजेवर गेलो तेव्हा हाड धरत आलं होतं. पेरणीला आपल्या पायांनी बांधावर जायचं, एवढाच त्याला ध्यास होता.

"सरक, मले येते," त्याला उठवायला आलेल्या आईला मी म्हणालो. बा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी न बोलता बगलेत हात घातले, गुडघा लावला आणि हिसका दिला. तो दचकला, त्यानं खाटेची कडेची लाकडी पाटी धरली. मी ओढलं. आत वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला.

बा म्हणाला, "सांगाचं तं होतं ना बाबू. मी का धानाचं पोतं आहो?"

गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं बाच्या अंगावर कोसळलं. ते हाड पुन्हा धरलं नाही. मी हात लावायला गेलो की तो अंग चोरायचा, काकाला हाक मारायचा. ते मला फार लागायचं.

आषाढात त्याला घरघर लागली. काका रोवण्यावर, धानाची रोपं लावायला गेला होता. आई म्हणाली, "खाली घे त्याले. खाटेवर जीव जाऊ देत नाही."

मी कानाशी वाकलो. "बा, उचलून राहिलो."

त्यानं डोळे उघडले, मला पाहिलं आणि खाटेची पाटी धरली. मी थांबलो. आई ओरडत होती, "काऊन थांबला?" तरी मी थांबलो. बोटं सुटली तेव्हा तो गेलेला होता.

मग आम्ही दोघांनी त्याला सारवलेल्या जमिनीवर घेतलं. जमिनीवरच गेला, असं आईनं गावाला सांगितलं.