आतल्या खोलीतले टायर

चिखलीच्या उद्धवरावांनी निघोज्याच्या एका गोदामात तीस वर्षं टायर सांभाळले. मग रिटायर झाले आणि सकाळी उठून कुठं जायचं तेच त्यांना कळेना. चार महिने हा भला माणूस खुर्चीत बसून भिंतीकडं बघत होता.

दसऱ्यानंतर शेजारच्या जयदीपनं जीपचे पावसाळी, चिखलात चालवायचे जाडजूड टायर काढून गच्चीवर टाकले. पुढच्या जूनपर्यंत त्यांना काम नव्हतं. उद्धवराव खवळले. "अरे, रबर हाय ते, पापड न्हाईत उन्हात घालायला! आण इकडं."

त्या दिवशी त्यांच्यात जीव आला. टायर धुतले, सावलीत सुकवले, कोणता कुठल्या चाकाचा ते खडूनं लिहिलं, काळ्या पिशव्यांत बांधले. आतल्या लोखंडी डिस्क काढलेल्या, म्हणून एकावर एक न रचता उभे ठेवायचे, महिन्याला थोडे फिरवायचे. जागा हवी थंड, अंधारी, कोरडी. तशी घरात एकच, आतली खोली. पण तिथं बायकोची, अंबूबाईंची घरघंटी होती. पंधरा घरांचं दळण त्या करायच्या. घरघंटीच्या मोटारीच्या ठिणग्यांनी हवा बिघडते, रबराला चिरा पडतात, असं उद्धवराव जेवताना सहज बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी घरघंटी मागच्या पत्र्याखाली गेली. "तिथं उजेड बरा हाय," अंबूबाई म्हणाल्या. नवऱ्याला ते खरंच वाटलं. टायरची बारीकशी चीर लांबून ओळखणारा माणूस घरात मात्र आंधळाच!

एप्रिलमध्ये भर दुपारी ते पाणी मागायला मागे गेले. तापलेल्या पत्र्याखाली अंबूबाई डोक्यावर ओला पदर घेऊन दळत होत्या. चेहरा लालबुंद, पिठानं माखलेल्या गालांवरून घामाचे ओघळ. उद्धवराव पाणी मागायचं विसरले.

"आत्ताच्या आत्ता जयदीपला टायर न्यायला सांगतो."

"कायबी नगं." अंबूबाईंनी मोटार बंद केली. "तुमी खुर्चीत बसून वाळत चालला हुता, ते मला बघवत नव्हतं. त्यापरीस ऊन सोसतं."

उद्धवरावांनी बायकोला हाताला धरून आत पंख्याखाली बसवलं, टॉवेल भिजवून स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि घरघंटी सुरू केली.

"जमतंय का?" थोड्या वेळानं आतून आवाज आला.

"जमतंय की!"

कसलं जमतंय! पीठ भरड येत होतं. घरघंटीच्या आवाजावरून अंबूबाईंना ते कळलंच होतं, पण त्या पंख्याखालून उठल्या नाहीत.