निळ्याचं पिवळं

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. मी नुकतीच डॉक्टर होऊन किहीमजवळच्या एका लहानशा दवाखान्यात आले होते. एका सकाळी एक कोळी आपल्या पाच वर्षांच्या लेकीला खांद्यावर टाकून आला, मागोमाग त्याची बायको. पोर तापाने फणफणली होती. मान इतकी ताठ, की हनुवटी छातीला टेकेना. मेंदूज्वराची शंका आली. खात्री करायची तर पाठीच्या कण्यातलं पाणी काढून पाहायला हवं होतं.

"पाठीत सुई? न्हाय बाय," आई कळवळली. "लुळी होईल माझी पोर."

सुई कमरेशी नेमकी कुठे जाते, ते मी तिला माझ्याच पाठीवर बोट ठेवून दाखवलं. बापाने विचारलं, "धरू कशी?"

"कोलंबीसारखी वाकवून."

त्याही वेळी त्याला हसू फुटलं. त्याने पोर अगदी अचूक धरली.

ते पाणी नितळ असायला हवं. आलं ते तांदळाच्या धुवणासारखं. थोडं पाणी मी काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात टाकून दिव्यावर उकळलं. निरोगी माणसाच्या या पाण्यात थोडी साखर असते; ती असती तर रंग पालटला असता. पालटला नाही.

"जंतूंनी साखर खाऊन टाकलीय," मी म्हणाले.

"माझ्या पोरीची साखर खाल्ली मेल्यांनी?" आई अशी भडकली, की रडायचीच थांबली.

मुंबईहून जंतूंवरच्या सल्फाच्या नव्या गोळ्या आल्या होत्या. मी त्या अजून कुणालाच दिल्या नव्हत्या. कुटून, पाण्यात कालवून नाकातून घातलेल्या रबरी नळीने पोरीच्या पोटात सोडत राहिले. ताप हळूहळू उतरला, आणि एका दुपारी डोळे उघडून तिने तळलेले बोंबील मागितले!

पुन्हा पाणी काढलं तेव्हा तिने दवाखाना डोक्यावर घेतला. मला ते ओरडणं फार गोड वाटलं. पाणी आता जवळजवळ स्वच्छ होतं. मी नळी दिव्यावर धरली. आईबाप दोन्हीकडून वाकून पाहत होते. निळ्यात हिरवी झाक आली, मग पिवळी.

"आली! साखर आली!" बाप इतक्या मोठ्याने ओरडला, की बाहेर बसलेले रोगी आत धावले. आईने माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

त्या नारळी पौर्णिमेला त्यांनी मला हट्टाने होडीत बसवलं. मी देशावरची; किनारा सुटतो न सुटतो तोच पोटात ढवळून आलं. पोरगी माझ्याशेजारी सरकली आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या तोंडाशी धरून म्हणाली, "चाव बाय, काय होत न्हाय."