कपाटात न गेलेला स्विच

आमच्या अंबडच्या कारखान्यात सर्व्हर तीन, आणि तिन्हींचा सगळा डेटा एकाच सामाईक स्टोरेजमध्ये. तिथवर वायरी न्यायच्या कशा, यावरून मी शेठच्या मामांशी जशी भांडले, तसं लग्नातल्या मानपानावरूनही कुणी भांडलं नसेल.

माझी मांडणी सरळ होती. मध्ये स्विच, म्हणजे या वायरी एकमेकींना जोडणारे डबे, दोन. प्रत्येक सर्व्हरची एक वायर याला, एक त्याला, स्टोरेजचंही तसंच. एक स्विच मेला, तरी दुसऱ्या वाटेनं काम चालू.

खरेदी मामांकडे. ते म्हणाले, "ताई, एक लावा, दुसरा कपाटात ठेवा. स्टेपनी! बिघडला की बदलू."

"मामा, स्टेपनी बदलायला गाडी कडेला उभी करावी लागते. आपली गाडी उभी राहिली, की गेटवर ट्रक उभे राहतात."

"तुम्हाला नवं खेळणं मिळालंय, दुसरं काय!"

खेळणं? मी दोन्ही स्विच लावूनच टाकले. मामा तडक शेठकडे. शेठ म्हणाले, "खंडेनवमीला चालवून दाखवा, मॅडम. अडलं, तर दुसरा कपाटात."

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रं बंद करून, पुसून पुजतात. मामांनी फर्मान काढलं, सर्व्हरही बंद करा. मी सर्व्हररूमच्या दारात आडवी.

"माझी यंत्रं चालू असतानाच पुजायची. आणि एक स्विच तुमच्या हातानं बंद करायचा!"

मामांना तेच हवं होतं. त्यांनी झेंडूचा हार बाजूला सारला आणि एका स्विचचा प्लग उपटला. बाहेर डिस्पॅचच्या बाई शेवटच्या ट्रकचं चलन करत होत्या. त्यांचा स्क्रीन थिजला.

"गेलं!" मामा असे ओरडले, जणू त्यांना मुलगा झाला.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी निरांजन ओवाळत राहिले, हसू ढळू दिलं नाही. "वाट बदलतंय, मामा. श्वास तर घ्या."

"निघालं की हो चलन!" बाहेरून बाईंचा आवाज.

शेठ हसले. "लावा मॅडम, तो प्लग परत."

"लावते. आधी दुसरा स्विच कपाटात जाणार नाही, हे मामांनी सांगावं."

"राहू द्या ना दोन्ही," मामा पुटपुटले.

"डिस्पॅचपर्यंत ऐकू गेलं नाही."

"दोन्ही राहू द्या!"

मग मी प्लग लावला.