उडत्या गड्याचा मराठी आवाज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला तर मी बाहेर कुठं भजी खाल्ली तेही सांगून टाकतो. चांदभाईला ठाऊक होतं, पण त्याला सांगावं लागलं नव्हतं, तो तिथंच उभा होता. आणि तो आता राहिला नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. मला ओळखणारी माणसं आधी हसतात आणि मग ऐकतात.

ती सवय मीच लावलीय म्हणा त्यांना. औरंगपुऱ्यात कुणालाही विचारा, कार्टूनवाले काका कुठं राहतात — रिक्षावाला दारात आणून सोडेल. गणपतीचा कार्यक्रम असो, शाळेचं गॅदरिंग असो, कुणाची एकसष्टी असो, शेवटी कुणीतरी म्हणतंच, काका, ते उडत्या गड्याचं होऊ द्या. मग मी पाठीवर टॉवेल टाकतो, एक हात पुढं काढतो, पोट आत घेतो — जमेल तेवढं — आणि सुरू होतो. आजवर एकदाही कार्यक्रम पडलेला नाही. कसा पडेल? ती वाक्यं पडणाऱ्यातली नाहीतच. मला सांगायचंय ते त्या वाक्यांबद्दलच. पण जरा दमानं सांगतो, एकदम जमायचं नाही.

बहात्तरचा दुष्काळ. माझं कॉलेज नुकतंच संपलं होतं आणि मला सरकारी प्रचाराच्या गाडीवर निवेदकाची नोकरी लागली होती. घरात कोण आनंद — आजोबा भिक्षुकी करायचे, वडील कचेरीत कारकून, आणि मी एकदम माईकवाला. गाडी जायची दुष्काळी कामांवर. पाचोडच्या आसपास तेव्हा जिकडंतिकडं कामं निघाली होती. गावंच्या गावं माळावर खडी फोडत बसलेली. दिवस मावळला की आम्ही दोन बांबूंमध्ये पांढरा पडदा ताणायचो. माणसं पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसायची. पलीकडच्यांना सगळं उलटं दिसायचं, उजवा हात डावा व्हायचा, पण कुणी कधी तक्रार केल्याचं आठवत नाही.

पेटीत बियाण्यांच्या फिल्मा, कुटुंबनियोजनाच्या फिल्मा, आणि एक — फक्त एक — अमेरिकन कार्टून. कुठल्याशा परदेशी वकिलातीनं कधीतरी भेट दिलेलं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं, जेमतेम दहा मिनिटांचं. काय रंग होते हो त्याचे. निळं अंधारं शहर, उंच उंच इमारती, आणि त्यांच्यामधून उडणारा एक दणकट गडी — अंगाला घट्ट कपडे, पाठीला लाल फडकं, चड्डी विजारीच्या वरून. शहराच्या वरच्या अंगाला एक धरण असतं. त्याला तडा जातो. गडी उडत येतो, भिंतीला पाठ लावून पाणी रोखून धरतो. शहर वाचतं. संपलं.

फिल्म इंग्रजी, म्हणून तिचा आवाज बंद करायचा आणि मी माईकवरून मराठीत बोलायचं, अशी आमची पद्धत होती. बोलण्याचा कागद वरून आलेला असायचा. ‘नागरिकहो, भयभीत होऊ नका, मी आपल्या रक्षणार्थ येत आहे’ — असं तो गडी त्या कागदात म्हणायचा. मी छाती भरून वाचायचो. माणसं गप बघत बसायची, पोरं झोपून जायची. चांदभाई आमचा ड्रायव्हर, मशीनही तोच चालवायचा. तो एकदा म्हणाला, "मियाँ, ये उड रहा है या तहसीलदार का दौरा निकला है?"

पाचोडजवळच्या एका कामावर आमचा आठवडाभर मुक्काम होता. पहिल्या संध्याकाळी गड्यानं भिंतीला पाठ लावली, मी वाचलं, ‘या जलप्रलयास मी रोखून धरीन,’ आणि पुढच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला —

"आरं येडा का खुळा तू? येऊ दे की पानी. कशाला अडवतूस?"

अख्खा माळ हसला. पडद्याच्या अलीकडचे हसले, पलीकडचे हसले, चांदभाई तर मशीनला धरून हसला. आणि का हसू नये? दिवसभर ऊन खाऊन, एका हंड्यासाठी विहिरीवर रांग लावून आलेली माणसं ती. समोर पडदा भरून पाणी, आणि हा मर्द गडी ते अडवतोय. मी कितीतरी गावांत ते कार्टून दाखवलं होतं, आणि हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मी शहराच्या बाजूनं बघत होतो. माळावर शहराच्या बाजूनं कोण बघणार?

ती कौसाबाई. वयानं माझ्याएवढीच, किडकिडीत, खडी फोडून फोडून बोटांना चिंध्या बांधलेल्या. तिचा बाप आंबेडकरी जलशात सोंगं काढायचा. जीभ घरचीच तयार होती. दुसऱ्या दिवशी मी तिला माझ्या स्टुलाशेजारी बसवलं. कागद खिशात घातला. ती हळू बोलायची, मी तेच भोंग्यातून बोलायचो. गडी पहिल्यांदा पडद्यावर आला की ती माझ्या कानाशी —

"घरात आई नाय वाटतं ह्याला. चड्डी वरून घालून निघालंय."

मी तेच बोललो. माळ लोळला. तो धरणाकडं उडाला की —

"टावेल पाठीला बांधलाय, म्हंजी आंघुळीलाच निघालंय की. म्हनून तर पान्याकडं पळतंय."

तेही मी बोललो. दोनतीन दिवसांत दुसऱ्या कामांवरची माणसं चालत यायला लागली. पोरं दिवसा पाठीला फडकी बांधून माळावर उडायला लागली, मुकादम वैतागला. आणि सगळे माझ्याकडं बघायचे. बघणारच, आवाज माझा होता. शेजारी एक बाई मांडी घालून बसलीय, तिचे ओठ हलतायत, हे अंधारात कुणाला दिसणार?

मुक्काम हलायच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "साहेब, येकदा मला देता का ते? येकच बारी. माज्या आवाजात कसं वाटतंय, बघती."

आणि मी — थांबा, हेच ते — मी म्हणालो, "नियम नाही, बाई. सरकारी माईक आहे. दुसऱ्या कुणी बोललेलं वर कळलं तर माझी नोकरी जाईल."

असा नियम नव्हता. कुठला नियम आणि कसला नियम? त्या माईकवर सरपंच बोलायचे, मास्तर गाणी म्हणायचे. एका गावात तर एका पैलवानानं त्यावरून आपली हरवलेली म्हैस शोधून घेतली होती. चांदभाई मागून हळूच म्हणाला, "दे दो ना मियाँ, क्या जाता तुम्हारा?" मी ऐकलं नाही असं केलं.

कौसाबाईनं लगेच हात मागं घेतला. म्हणाली, "मग नगं बाबा. तुमच्या पोटावर कशाला पाय द्यायचा." आणि त्या संध्याकाळीही शेजारी बसून तिनं मला सगळी वाक्यं दिली, वर दोन नवीन दिली.

का केलं असेल मी तसं? हेवा वाटला. तिच्या तोंडून ती वाक्यं माझ्यापेक्षा चांगली निघतील, हे मला पक्कं माहीत होतं. एकदा माळानं ते ऐकलं असतं, तर मला परत कागदच वाचावा लागला असता. नुसता हेवाच होता का पण? मी तो माईक रोज माझ्या रुमालानं पुसायचो. सरपंच बोलून गेले की पुसत नव्हतो. कौसाबाई जवळ बसायला लागल्यापासून पुसायला लागलो. हे मी स्वतःलाही बऱ्याच उशिरा सांगितलं.

पुढचं भराभर सांगतो, कारण पुढं माझं सगळं चांगलंच झालं. तीच वाक्यं मी जालन्यापर्यंत प्रत्येक माळावर म्हटली. साहेबलोक गाडीत बसून ऐकायला यायचे. दुष्काळ सरला, गाडी बंद पडली, मी कचेरीत आलो, पण वाक्यं चालूच राहिली. शहर वाढत गेलं — माझ्या देखत चिकलठाण्याच्या पलीकडं कारखाने आले, वसाहती आल्या, कार्यक्रम वाढले. लोक विचारायचे, काका, तुम्हाला हे सुचतं कसं? मी वर बघायचो, जरा थांबायचो, आणि म्हणायचो, सुचतं बुवा. ते थांबणं फार झकास जमायचं मला.

मग चाळीसेक वर्षांनी परत तसाच दुष्काळ आला. आमच्या गल्लीत टँकर यायला लागला, आणि जालना रोडवरच्या एका ॲनिमेशन कॉलेजातून फोन आला. त्यांना कुठून तरी त्याच कार्टूनची प्रत मिळाली होती. जुन्या कार्टून स्टुडिओंवर कार्यक्रम होता; शेवटी फिल्म लावणार, आवाज बंद ठेवणार, आणि काकांनी पूर्वीसारखं बोलायचं. मी दोन दिवस घसा सांभाळला, ताक सोडलं.

कार्यक्रम छान सुरू झाला. तिथल्या सरांनी सांगितलं की ती फिल्म कशी हातानं केलेली, एकेका क्षणाला किती चित्रं लागायची, आणि त्या स्टुडिओत पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदांवर रेघा गिरवणाऱ्या, रंग भरणाऱ्या ढीगभर बाया असायच्या. पडद्यावर नाव मालकाचं. बायांची नावं कुठंच नाहीत. मला बोलायला उठवलं तेव्हा मी म्हणालो, हा अन्याय आहे, ज्याचं श्रेय त्याला मिळालंच पाहिजे. टाळ्या पडल्या. मनापासून बोललो हो मी, खोटं नाही सांगत. बोलताना मला दुसरं काही आठवलंसुद्धा नाही.

तेवढ्यात तिथली एक तरुण शिक्षिका, प्रज्ञा, एका म्हाताऱ्या बाईंना हाताला धरून माझ्याकडं घेऊन आली. "सर, ही माझी आजी. पाचोडकडची आहे. तुम्ही तिला शेजारी बसवायचात ना? हिनं लहानपणी मला हे कार्टून तोंडानं सांगितलं, ते ऐकूनच मी चित्रं काढायला लागले. तुमची सगळी वाक्यं आमच्या घरी पाठ आहेत."

तुमची वाक्यं. मी कौसाबाईकडं बघितलं. ती पडद्याकडं बघत होती. म्हणजे हिनं घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. पोटच्या पोरांना नाही, नातीला नाही. कुणी बोललं, वर कळलं, तर साहेबाची नोकरी जाईल — इतकी वर्षं ती बाई माझी नोकरी सांभाळत होती.

"आजीला एकदा माईकवर बोलायचं होतं म्हणे," प्रज्ञा म्हणाली, "पण तेव्हा तसा नियम होता ना, सर?"

कौसाबाई माझ्याकडं वळली. "आता तरी चालतंय का साहेब? का पेन्शनीवर येतंय?"

प्रज्ञा हसली, तिला वाटलं आजी थट्टा करतेय. कौसाबाई थट्टा करत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. माईक माझ्या हातात होता, कॉलेजचा, बिनतारेचा. नुसता हात पुढं करायचा होता. किती लांब होती ती? तुमच्या-माझ्यात आत्ता जेवढं अंतर असेल, तेवढीच.

"येतं, बाई," मी म्हणालो. "पेन्शनवर येतं."

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली. दिवे मालवले. गडी उडाला, मी त्याची आई काढली, त्याचा टॉवेल काढला, पोरंपोरी खुर्च्यांवरून घसरायला आली. मग त्यानं भिंतीला पाठ लावली आणि माझ्या कानाशी तोच हळू आवाज आला, आता थोडा घोगरा —

"इतकी वर्सं झाली, आजून तिथंच हुबा हाय व्हय? पाठ आखडली आसंल लेकराची. सोड म्हनावं आता."

हे नवीन होतं. मी कधीच ऐकलं नव्हतं. मी जरा थांबलो — ते माझं झकास थांबणं — आणि तेच वाक्य माईकवरून म्हटलं.

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. प्रज्ञानं वळून माझ्याकडं काय कौतुकानं बघितलं. मी हात जोडले, मान लववली. शेजारी कौसाबाई टाळ्या वाजवत होती, सगळ्यांत जोरात, आणि बाजूच्या मुलीला सांगत होती, "साहेबांस्नी लई सुचतंय बाई. पयल्यापासून."