लेखी नकार द्या

गुडरुन ट्राउटमान आमची शेजारीण. चिनीमातीच्या कारखान्यात तिने एकोणतीस वर्षं कपांच्या काठावर सोनेरी रेघ ओढली. कारखाना बंद पडला तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. जर्मनीतल्या थुरिंगियाच्या या डोंगरात आता हिला कोण काम देणार, असं सगळेच म्हणायचे. मीही म्हणालो होतो. त्याची मला अजून लाज वाटते.

तिने एक्केचाळीस ठिकाणी अर्ज केले. आमच्याकडे अर्ज म्हणजे नुसतं पत्र नव्हे. फोटोवाल्याकडे जाऊन काढलेला फोटो, दाखल्यांच्या प्रती, जाड पुठ्ठ्याची फाइल आणि वर टपालखर्च. नकार आला की फाइल परत येते, तशी रीतच आहे. गुडरुन ती ओल्या फडक्याने पुसायची आणि पुढच्याला पाठवायची.

त्या वर्षी अर्धं वर्ष पगार होता आणि त्यावर कर कापला गेला होता. म्हणून काम शोधायचा खर्च त्या पगारातून वजा धरा आणि तेवढा कर परत द्या, असं तिने कर कार्यालयाला लिहिलं. उत्तर आलं, अर्ज केल्याचा पुरावा जोडा, नकारपत्रं चालतील.

कपाट उघडून बघते तर नकारपत्रांचा खोका रिकामा. नवरा राइनहोल्ड शेगडीपाशी मान खाली घालून बसलेला.

"जाळली मी," तो म्हणाला. "सारखी तीच वाचत बसायचीस. मला बघवेना."

"अरे शहाण्या, वाचणारी मी आणि त्रास तुला? माझे नकार होते ते! कमावले होते मी!"

मी तिथेच होतो, मध्ये तोंड घातलं. "जाऊ दे ना गुडरुन. सुटून सुटून किती सुटणार? शंभर-दीडशे युरो."

"पैशाचं सोड. सहा महिने मी घरी बसून होते असं दिसणार कागदावर. मी बसले नव्हते. राबत होते. ते त्यांनी मान्य केलंच पाहिजे."

दुसऱ्या दिवशीच तिने सायकल काढली. मला दिलेला नकार पुन्हा द्या, असं दारोदार मागणारी बाई कुणी पाहिली होती? कुणी हसलं, कुणी कपाळाला आठ्या घातल्या. पण ती हलायचीच नाही, मग द्यायचे. तीन आठवड्यांत चाळीस जमले.

राहिला डोब्रिश. प्रयोगशाळेच्या काचनळ्या बनवणारा. त्याच्याकडून ना उत्तर आलं होतं, ना फाइल. चढ मोठा म्हणून मी तिला गाडीने नेलं.

"नकार?" डोब्रिश म्हणाला. "आम्ही कधी दिला तुम्हाला?"

"दिला नाहीत, हीच तर तक्रार आहे. आता द्या. लेखी."

"बाई, जागा निघाली तर कळवूच की..."

"गुळमुळीत नको. हो किंवा नाही. आणि माझी फाइल द्या."

त्याने खण उपसला. लिफाफा फोडलेलासुद्धा नव्हता. मला संताप आला, पण तोही ओशाळला. तिच्यासमोरच त्याने तो फोडला आणि वाचता वाचता थांबला.

"सोनेरी रेघ? हाताने?"

"मग काय पायाने?"

तो आत जाऊन एक कोरी नळी आणि ब्रश घेऊन आला. त्याच्याकडचा मापाच्या रेघा ओढणारा म्हातारा जूनमध्ये निवृत्त होणार होता. गुडरुनने चष्मा लावला, श्वास रोखला आणि नळी फिरवली. रेघ कुठे सुरू झाली नि कुठे संपली, डोब्रिशला भिंगातूनही सापडेना.

"सोमवारपासून येता?"

आता ही रडणार, असं मला वाटलं. माझेच डोळे भरले होते. तिने शांतपणे ब्रश पुसला.

"येते. आधी पत्र लिहा."

"अहो, आता कसला नकार?"

"नकार नको. गेल्या वर्षी माझा अर्ज आला होता, एवढं लिहा. तारीख लिफाफ्यावर आहे."

कर कार्यालयाने सगळा खर्च मान्य केला. तो मंजुरीचा कागद गुडरुनच्या स्वयंपाकघरात शेगडीच्या वर काचेच्या चौकटीत लावलाय. राइनहोल्डला त्याला हात लावायची बंदी आहे.